सेबन, साबण नव्हे : कॉलेज फुटबॉलच्या एका हेड कोचबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही बर्मिंगहॅमला राहतो. इंग्लंडातलं नव्हे, अलाबामातलं. सप्टेंबर ते डिसेंबर दर शनिवारी दुपारनंतर आमच्याकडे फोन उचलला जात नाही. त्यावरून माहेर-सासर दोन्हीकडून जे प्रश्न येतात, ते फिरून फिरून एकाच माणसापाशी येतात. तो माणूस म्हणजे निक सेबन, अलाबामा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा हेड कोच. २०२४ साली निवृत्त झाला तरी प्रश्न काही थांबलेले नाहीत. दर वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर तेच सांगून घसा कोरडा पडतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, तेव्हा कुठलाही प्रश्न बावळट समजू नये.

हा फुटबॉल म्हणजे आपला, पायाने खेळायचा का?

नाही. चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबुडका आणि बहुतेक वेळ हातात. अकरा विरुद्ध अकरा, मैदान १०० यार्डांचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे. शेवटच्या रेषेपार नेला की टचडाउन, सहा गुण. कबड्डी आणि आट्यापाट्या पाहिलेल्या माणसाला दोन शनिवारांत कळतो. मला तीन लागले.

कॉलेजचा कोच म्हणजे पी.टी.चे सर ना? त्याचं एवढं काय कौतुक?

हा सासूबाईंचा प्रश्न, आणि तो अगदी रास्त आहे. सेबन ज्या अलाबामा विद्यापीठात होता ते सरकारी विद्यापीठ आहे. म्हणजे कागदोपत्री तो राज्याचा नोकर. २००७ साली त्याला आठ वर्षांसाठी ३ कोटी २० लाख डॉलरचा करार दिला गेला, आणि शेवटी शेवटी वर्षाला १ कोटी १० लाखांच्या पुढे मिळत होते. राज्यपाल त्याच्या आसपासही नाही. हे एकट्या अलाबामाचं वेड नव्हे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सरकारी तिजोरीशी जोडलेला सर्वांत महाग माणूस हा कुठला तरी फुटबॉल नाहीतर बास्केटबॉलचा कोच असतो.

अलाबामात व्यावसायिक फुटबॉलचा एकही मोठा संघ नाही. बेसबॉलचा नाही, बास्केटबॉलचाही नाही. त्यामुळे सगळं प्रेम, सगळं वैर कॉलेजच्या संघांवर. विद्यापीठ ज्या टस्कलूसा गावात आहे त्याची वस्ती लाखाच्या आसपास आणि तिथल्या ब्रायंट-डेनी स्टेडियमची क्षमता १,००,०७७. शनिवारी अख्ख्या गावाएवढं दुसरं गाव आत बसतं.

आणि कोच एकटा नसतो. बचावाचा कोऑर्डिनेटर, आक्रमणाचा कोऑर्डिनेटर, प्रत्येक जागेचा वेगळा असिस्टंट, व्हिडिओ चाळणारे, आहार बघणारे, वजनं उचलून घेणारे. पी.टी.चे सर नव्हेत, साखर कारखान्याचा कार्यकारी संचालक म्हटलं तर जरा जवळ जाईल.

नाव नक्की काय? साबण?

सेबन. घराणं मुळात क्रोएशियाकडचं. आमच्या आत्या अजून 'तो साबणवाला' म्हणतात. त्यात गंमत अशी, की या माणसाची गोष्ट खरंच साबणाच्या पाण्यापासून सुरू होते. पुढचा प्रश्न बघा.

लहानपणी कसा होता?

वेस्ट व्हर्जिनियात, कोळशाच्या खाणींच्या मुलखात वाढला. जन्म ३१ ऑक्टोबर १९५१. जवळच्या मोनोंगा गावी १९०७ साली खाणीत स्फोट होऊन साडेतीनशेवर माणसं गेली होती. अमेरिकेतला आजवरचा सर्वांत मोठा खाण-अपघात. निक सतरा वर्षांचा असताना, नोव्हेंबर १९६८ मध्ये, शेजारच्या फार्मिंग्टनच्या खाणीत आणखी ७८ जण गेले. त्या भागात शाळेत लक्ष न देणाऱ्या पोराला 'पुढे काय करशील' असं कुणी विचारायचं नाही. उत्तर जमिनीखाली होतं. संगीताच्या विषयात ड श्रेणी मिळाली तेव्हा वडिलांनी त्याला धरून खरोखरच खाणीत खाली नेलं आणि दाखवलं.

हे वडीलही निकच. थोरले निक सेबन पेट्रोल पंप चालवायचे आणि गावातल्या पोरांच्या फुटबॉल संघाला शिकवायचे. पंपावर अकरा वर्षांपासून धाकट्याची ड्यूटी. पेट्रोल भरायचं, काच पुसायची, टायरची हवा बघायची आणि गाडी धुवायची. धुतलेल्या गाडीवर पाण्याचा एक ओघळ जरी दिसला, तरी वडील म्हणणार, पुन्हा धू. ओघळापुरती नाही, अख्खी गाडी. सेबन सांगतो की गडद निळी किंवा काळी गाडी पंपावर वळली की पोटात गोळा यायचा, कारण त्या रंगावर ओघळ लपत नाही.

मला विचाराल तर याच्या कारकिर्दीतलं सगळं त्या काळ्या गाडीत आहे. बाकीचं लोक डावपेच म्हणतात, बुद्धिमत्ता म्हणतात. असेलही. पण ६० गुणांनी पुढे असताना राखीव खेळाडू चुकीच्या जागी उभा राहिला म्हणून टोपी आपटणारा माणूस मी टीव्हीवर पाहिलाय, आणि तेव्हा मला तो पंपावरचा बाप दिसतो.

स्वतः खेळायचा का?

खेळायचा. ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात, बचावफळीत. उंचीने लहान, पण टोकदार. ४ मे १९७० ला त्याच आवारात नॅशनल गार्डने विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या, चार जण गेले. सेबन तेव्हा तिथेच पहिल्या वर्षाला होता.

मग कोच व्हायचं कधी ठरवलं?

ठरवलंच नाही. पदवी झाली तेव्हा बायको टेरीचं शिक्षण बाकी होतं. तिच्यासाठी गावात थांबायचं होतं, आणि त्याचे कोच डॉन जेम्स म्हणाले की थांबतोच आहेस तर मला मदत कर. १९७३ ची ही गोष्ट. त्याच वर्षी वडील गेले, वय अवघं ४६, हृदयविकार. म्हणजे ज्या माणसाकडून सगळं शिकला, त्याने मुलाला हेड कोच झालेलं पाहिलं नाही.

एवढ्या मोठ्या पदावर माणूस पोचतो कसा? परीक्षा असते का काही?

परीक्षा नाही. बदल्या असतात. आपल्याकडे बँकेत किंवा महसूल खात्यात असलेल्या घरांना हे लगेच कळेल. सेबनची सर्व्हिस बुकं उघडलीत तर असं दिसेल : केंट स्टेट, १९७७ ला सिरॅक्यूस, ७८ ला वेस्ट व्हर्जिनिया, ८० ला ओहायो स्टेट, ८२ ला नेव्ही (म्हणजे नौदलाच्या अकादमीचा संघ), ८३ ला मिशिगन स्टेट, ८८ ला व्यावसायिक फुटबॉलमध्ये ह्यूस्टन. सतरा वर्षं असिस्टंटगिरी. मधल्या काळात ओहायो स्टेटमधून काढूनही टाकलं. नेव्हीत त्याच्यासोबत स्टीव्ह बेलिचिक नावाचे ज्येष्ठ कोच होते; त्यांचा मुलगा बिल पुढे याचा बॉस होणार होता.

टेरीबाईंनी या काळात किती वेळा सामान बांधलं असेल, याची बातमी कुणी करत नाही. इथले लोक त्यांना 'मिस टेरी' म्हणतात आणि कोचपेक्षा जास्त घाबरतात.

शिडी अशी असते : आधी पदव्युत्तर मदतनीस, म्हणजे जवळपास फुकट, मग एका जागेचा कोच, मग कोऑर्डिनेटर, मग कुणी तरी विश्वास टाकला तर हेड कोच. सेबनला हेड कोचची खुर्ची १९९० साली टोलीडोत मिळाली, अडतिसाव्या वर्षी. नऊ सामने जिंकले, दोन हरले. आणि एका वर्षात ती खुर्ची सोडून तो पुन्हा असिस्टंट झाला! बिल बेलिचिकने क्लीव्हलंड ब्राउन्स या व्यावसायिक संघात बचावाची जबाबदारी दिली म्हणून. चार वर्षांनी, १९९५ ला, मिशिगन स्टेटचा हेड कोच.

'प्रोसेस, प्रोसेस' म्हणतात ती काय भानगड आहे?

यावर मॅनेजमेंटवाल्यांनी इतका रवंथ केलाय की शब्द ऐकला तरी जांभई येते. पण मूळ प्रसंग ऐका.

नोव्हेंबर १९९८. मिशिगन स्टेटचा हंगाम रडतखडत चाललेला, चार जिंकलेले चार हरलेले. पुढचा सामना ओहायो स्टेटशी, त्यांच्या मैदानावर, आणि ओहायो स्टेट देशात पहिल्या क्रमांकावर, अपराजित. जिंकायची आशा कुणालाच नाही. विद्यापीठात लायनेल रोझन नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. त्यांच्याशी बोलून सेबनने पोरांना सांगितलं की गुणफलक बघायचाच नाही. एक चाल साधारण सात सेकंद चालते. तेवढी सात सेकंदं नीट खेळायची. मग ती विसरायची, पुढची सात.

मध्ये ते २४-९ असे मागे पडले होते. जिंकले २८-२४.

म्हणजे हरण्याची खात्री होती म्हणून सुचलेली युक्ती ती. पुढे जिंकण्याची खात्री असलेल्या संघालाही त्याने तीच लावली, हे मला जास्त अवघड वाटतं. जिंकल्यावर आनंद करायला मुभा फक्त २४ तास. २०१७ मध्ये पत्रकार संघाची फार स्तुती करायला लागले तेव्हा तो भडकून म्हणाला होता की तुमचं हे कौतुक म्हणजे उंदराचं औषध आहे. आमच्या घरात तो वाक्प्रचार झालाय. मुलाला गणितात चांगले मार्क पडले आणि आजीने फोनवर 'माझं बाळ ते' सुरू केलं, की नवरा मागून म्हणतो, उंदराचं औषध.

कधी सपशेल आपटला का?

आपटला की. एलएसयूला, म्हणजे लुईझियाना स्टेट विद्यापीठात, २००३ च्या हंगामात पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं आणि २००५ ला मायामी डॉल्फिन्सकडे गेला. व्यावसायिक फुटबॉल, मोठा पैसा. दोन वर्षांत १५ विजय, १७ पराभव. २००६ साली ड्रू ब्रीझ हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, आक्रमण चालवणारा खेळाडू, घेता आला असता. पण त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी शंका काढली, आणि मायामीने दुसराच घेतला. ब्रीझ न्यू ऑर्लिन्सला गेला आणि सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकला. तो खांदा मायामीने मान्य केला असता तर अलाबामाच्या पदरी सेबन पडलाच नसता, असं मानणारे इथे पुष्कळ आहेत.

तो खोटं बोलून आला म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. अलाबामा त्याच्या मागे लागलंय अशी कुजबुज होती, आणि २१ डिसेंबर २००६ ला त्याने पत्रकारांसमोर साफ सांगितलं की मी अलाबामाचा कोच होणार नाही. ३ जानेवारी २००७ ला झाला. इथले लोक यावर हसतात, मायामीचे नाहीत. इथलं मीठ खाते म्हणून गुळमुळीत बोलणार नाही. एक ओघळ चालत नाही म्हणणाऱ्या माणसाच्या काळ्या गाडीवरचा हा ओघळ आहे.

अलाबामात आल्या आल्या जिंकायला लागला?

छे. पहिल्या हंगामात सात जिंकले, सहा हरले. त्यात लुईझियाना-मनरो नावाच्या, आपण ज्याला लिंबूटिंबू म्हणू अशा संघाकडून स्वतःच्या मैदानावर २१-१४ पराभव. वर पाठ्यपुस्तकांच्या वाटपातल्या गैरप्रकारामुळे त्यातले पाच विजय पुढे नोंदीतून काढले गेले. म्हणून पुस्तकात त्याचे अलाबामातले आकडे २०१ विजय, २९ पराभव असे दिसतात.

पण त्यानंतर सलग सोळा हंगाम, एकाही हंगामात दहापेक्षा कमी विजय नाहीत. अजिंक्यपदं २००९, २०११, २०१२, २०१५, २०१७ आणि २०२० ची. लुईझियानाचं धरून सात. बेअर ब्रायंट हा अलाबामाचा जुना कोच म्हणजे इथलं दैवत. चौकड्याच्या टोपीतला त्याचा फोटो न्हाव्याच्या दुकानातही असतो. त्याची सहा होती.

एकच सामना बघायचा तर कोणता?

८ जानेवारी २०१८, अटलांटा, जॉर्जियाविरुद्ध. यूट्यूबवर आहे. मध्यंतराला अलाबामा १३-० मागे. क्वार्टरबॅक होता जेलन हर्ट्‌स, दोन वर्षं संघ ज्याच्या खांद्यावर चाललेला. सेबनने त्याला बसवलं आणि हवाईचा तुआ टॅगोवाइलोआ, पहिल्या वर्षाचा पोरगा, उतरवला. अंतिम सामन्याच्या मध्यावर! चुकलं असतं तर राज्याने त्याला उभं जाळलं असतं.

तुआने बरोबरी आणली. शेवटच्या क्षणी अलाबामाची सोपी किक (खांबांमधून गेली की तीन गुण) हुकली, सामना जादा वेळात गेला. जॉर्जियाने तीन गुण घेतले. मग अलाबामाची पहिली चाल, आणि हा पोरगा चेंडू घेऊन मागे मागे पळत सोळा यार्ड गमावून पडला. आता दुसरा प्रयत्न आणि कापायचे २६ यार्ड. नवरा उशी तोंडावर घेऊन बसला होता, मी उभी. पुढच्या चालीला तुआने उजवीकडे बघितलं, बचाववाल्याला तिकडे ओढलं, आणि डावीकडे डेव्हॉन्टा स्मिथकडे ४१ यार्डांचा चेंडू टाकला. टचडाउन, २६-२३, संपलं. शेजारच्या घरातून आलेली आरोळी आमच्या भिंतीतून आत आली.

इथे 'सेकंड अँड ट्वेंटी-सिक्स' छापलेले टी-शर्ट अजून मिळतात. पण मला आवडतं ते नंतरचं. बसवलेला हर्ट्‌स रुसून निघून गेला नाही. वर्षभर बाकावर बसला, आणि डिसेंबर २०१८ मध्ये त्याच शहरात, त्याच जॉर्जियाविरुद्ध, तुआ जायबंदी झाल्यावर उतरून सामना काढून दिला. त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर सेबनचा आवाज जड झाला होता. हर्ट्‌सने पुढे फिलाडेल्फियासाठी २०२५ चा सुपर बोल जिंकला.

आणि सर्वांत वाईट पराभव?

३० नोव्हेंबर २०१३, ऑबर्न, म्हणजे याच राज्यातलं दुसरं विद्यापीठ. अलाबामाची ५७ यार्डांची किक तोकडी पडली, ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने ती स्वतःच्या गोलाखाली झेलली आणि अख्खं मैदान कापून पळाला. घड्याळात शून्य सेकंद. आमच्या ऑफिसात अर्धे लोक ऑबर्नचे आहेत. अधिक विचारू नये.

फार रागीट होता का?

सामन्यात, हो. हेडसेट आपटायचा, असिस्टंटांवर ओरडायचा. तरी रांग लागायची त्याच्या हाताखाली काम करायला, कारण तिथून बाहेर पडलेला माणूस हेड कोच व्हायचा. जॉर्जियाचा कर्बी स्मार्ट त्यातलाच. त्याने २०२१ चं अजिंक्यपद गुरूलाच हरवून घेतलं. सेबनची रोज सकाळी त्याच कंपनीची ओटची दोन क्रीमबिस्किटं, दुपारी रोज तेच सॅलड. काय खायचं हे ठरवण्यात वेळ जाऊ नये म्हणून. आमच्या आत्या म्हणाल्या, त्याला बायको विचारत नसेल.

पोरांच्या जिवावर एवढे पैसे घेणं बरोबर आहे का?

याचं उत्तर मला सरळ देता येत नाही. २००७ साली विद्यापीठात पंचवीस हजारांच्या आसपास विद्यार्थी होते, दहा वर्षांत अडतीस हजारांकडे गेले, आणि त्यात बाहेरच्या राज्यांतले, दुप्पट-तिप्पट फी भरणारे पुष्कळ. कुलपतींनी तर जाहीर सांगितलं होतं की सेबन ही विद्यापीठाने केलेली सर्वांत चांगली गुंतवणूक. हिशेबाने ते खरं असेल.

पण ज्यांचे गुडघे जातात त्या पोरांना २०२१ च्या जुलैपर्यंत शिष्यवृत्तीपलीकडे काही घ्यायची बंदी होती. स्वतःच्या नावावर सहीचा टी-शर्ट विकला तरी शिक्षा. कोच कोट्यधीश आणि खेळाडूने फुकट पिझ्झा घेतला तर चौकशी, हे मला पहिल्या दिवसापासून खटकत आलंय. मग नियम बदलले. खेळाडूंना जाहिरातींचे पैसे मिळू लागले, वर्ष न गमावता कॉलेज बदलता येऊ लागलं, आणि २०२५ पासून विद्यापीठं थेट पैसे देतात.

म्हणूनच त्याने सोडलं का?

१ जानेवारी २०२४ ला रोझ बोल नावाच्या मोठ्या सामन्यात मिशिगनकडून जादा वेळात २७-२० हरला, १० तारखेला निवृत्ती. वय ७२. वयाचं कारण त्याने स्वतःच सांगितलं. नव्या पोरांना 'मी आहे' असं वचन किती वर्षांचं देणार? पण नंतर वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधींसमोर बोलताना त्याने मिस टेरींचा किस्सा सांगितला. खेळाडूंच्या आया घरी न्याहारीला यायच्या, त्यांच्याशी टेरीबाई मुलांना घडवण्याबद्दल बोलायच्या. आता त्यांना फक्त किती देणार एवढंच हवंय, मग आपण हे कशासाठी करतोय, असं त्यांनी नवऱ्याला विचारलं. मला त्यांचं दुःख कळतं. त्या आयांचंही कळतं.

त्याच्यावर लोकांचं एवढं प्रेम फक्त जिंकण्यामुळे?

मुख्यतः हो, खोटं कशाला बोला. पण २७ एप्रिल २०११ विसरू नका. त्या दिवशी वादळाने टस्कलूसाच्या मधून मैलभराहून रुंद पट्टा खरवडून नेला, पन्नासच्या वर माणसं गेली. सेबन दांपत्याच्या संस्थेने पुढची कित्येक वर्षं तिथे घरं बांधली. विद्यापीठाच्या अजिंक्यपदांचा जेवढा आकडा, तेवढी घरं, असा त्यांचा हिशेब. अजिंक्यपद वाढलं की एक घर वाढायचं.

आता काय करतो?

ईएसपीएनवर शनिवारी सकाळी बसून दुसऱ्यांच्या संघांबद्दल बोलतो. जागेवर केलन डीबोअर आलाय. त्याच्याबद्दलचे प्रश्न नवऱ्याला विचारावेत, मी रक्तदाब सांभाळून आहे.

आम्ही आलो तर बघायला मिळेल का?

सामना हवा तर सप्टेंबर ते नोव्हेंबर या, आणि तारीख आधी कळवा. त्या आठवड्यात टस्कलूसात हॉटेल मिळत नाही. बर्मिंगहॅमहून गाडीने तास. स्टेडियममध्ये पारदर्शक पिशवीच चालते, पर्स गाडीत ठेवावी लागते. सामना नसेल त्या दिवशी मैदानाबाहेर कोचांचे पुतळे बघता येतात, पाच आहेत, सेबनचा त्यातच, टाळ्या वाजवतानाचा. जवळच ब्रायंट म्युझियम. सप्टेंबरात ऊन नागपूरसारखं असतं, टोपी आणा. लाल चालेल. ऑबर्नची केशरी-निळी आणू नका. मामांनी आणली होती, अख्खा दिवस गाडीत बसावं लागलं.